आधी गल्ल्यावर कोण बसतंय ते बघ, खोली मग

वर्ध्याच्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीनं विचारलंय: डिसेंबरात एकटीच कोल्हापूरला येतेय, दोन रात्री राहायचंय, महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. रात्रीला ९०० रुपयांच्या वर जाता येणार नाही. ॲपवर ४५० रुपयांना एका 'हॉस्टेल'चा बेड दिसतोय, पत्ता हायवेच्या बाजूचा आहे. देवळाजवळच्या लॉजवर ८०० ची खोली आहे. मैत्रीण म्हणते, यात्री निवासात एकट्या मुलीला घेतच नाहीत. अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा आणि मिसळ एवढं करायचंय. कुठं राहू, आणि घरच्यांना काय सांगू?

तुला सरळ 'तू' म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. आमचं चौदा खोल्यांचं लॉज होतं, सासऱ्यांनी काढलेलं. एकोणीस वर्षं मी त्याच्या गल्ल्यावर बसले. लॉकडाउननंतर ते दुसऱ्याला चालवायला दिलं, त्यामुळं आता गिऱ्हाईक ओढायचं काही कारण उरलेलं नाही. आणि पोरं मोठी झाल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, मी स्वतः एकटी फिरायला लागले. काशी, जयपूर, म्हैसूर, कोची. कधी लॉजवर राहिले, कधी आठ बेडच्या खोलीत वरच्या बंकवर चढून झोपले. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

चौघं मिळून येतात ती खोली घेतात. काही बिघडलं तर ती एकमेकांना असतात. एकटं माणूस येतं ते खोली घेत नाही, गल्ला घेतं. रात्री ताप आला, कुलूप अडकलं, शेजारच्या खोलीत बाटल्या फुटायला लागल्या, तर हाक कुणाला मारायची? गल्ल्यावर जो बसलाय त्याला. तो तिथं आहे का, जागा आहे का, आणि हाक ऐकून उठेल असा आहे का, हे तीन प्रश्न सुटले की बाकी सगळं कमीजास्त चालतं. फोटोतली पांढरीशुभ्र चादर आणि उशीवर ठेवलेली गुलाबाची पाकळी बघून मी आजवर एकही चांगली जागा निवडलेली नाही.

आता आधी 'हॉस्टेल' या शब्दाचा घोळ सोडवू, कारण कोल्हापुरात तो जास्तच आहे. शाहू महाराजांनी इथं जातीजमातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली: १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क होस्टेल. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच गावाला. दसरा चौकात उभी राहिलीस तर त्यातली काही आजही दिसतील. त्यामुळं इथं जुन्या माणसाला 'हॉस्टेल कुठं आहे' विचारलंस तर तो तुला 'कुठल्या कॉलेजला घातलंय' असं उलट विचारणार. मोबाईलवर शोधलंस तरी तेच: मुलींचं वसतिगृह, महिन्याचं भाडं, मेस आणि डिपॉझिट. पुण्या-मुंबईहून फिरायला आलेल्यांच्या डोक्यात जे हॉस्टेल असतं, म्हणजे बंक बेड, लॉकर, बसायला सामायिक खोली, ते गोवा-हंपीसारखं इथं गल्लोगल्ली नाही.

म्हणून ॲपवर 'हॉस्टेल' दिसलं की ते तीनपैकी काय आहे हे आधी ठरव. एक, खरोखरच फिरस्त्यांसाठी काढलेली डॉर्म. दोन, एखाद्या लॉजचा वरचा हॉल, त्यात आठ-दहा खाटा टाकून त्याला डॉर्मिटरी नाव दिलेलं. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि शाळेच्या सहलींना हा हॉल देतात, आणि मधल्या दिवसांत सुटे बेड विकतात. तीन, मुलींचं पीजी, त्यातला रिकामा बेड मालकीण रात्रीच्या हिशोबानं देते. तिसऱ्यात तू सुरक्षित असशीलही, पण तिथं फाटक रात्री नऊला बंद होतं, रजिस्टरात तुझं नाव चढत नाही, आणि उद्या काही झालं तर तू तिथं होतीस याचा कागद कुणाकडं नसतो. ओळखायची सोपी खूण सांगते. फोन करून विचार, "एका रात्रीची पावती मिळेल ना, नावानिशी?" पहिले दोघं 'हो' म्हणतील. तिसरी म्हणेल, "पावतीचं बघू की, तू ये तर."

(फोनवर बाईच असेल आणि ती 'मी सांगतो की', 'मी देतो की' म्हणाली तर बावरू नकोस. आमच्याकडं बायका अशाच बोलतात.)

डॉर्म खरी निघाली तर चार गोष्टी बघायच्या. बायकांची खोली वेगळी आहे की बायका-पुरुष एकाच खोलीत आहेत. प्रत्येक बेडला स्वतःचा प्लग आहे का, नाहीतर मोबाईल रात्रभर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावून झोपावं लागतं. लॉकरला कुलूप ते देतात की आपलं आणायचं, आणि त्यात अख्खी सॅक मावते की नुसती पर्स. आणि किती बेडांना एक बाथरूम. सहाला एक असेल तर ठीक. दहाला एक असेल तर पहाटेच्या काकड आरतीला निघायचं स्वप्न रांगेतच विरतं. बेड मिळतोय तर खालचा घे. वरचा स्वस्त असला तरी रात्री दोनदा उतरावं लागलं की कळतं. म्हैसूरला मी वरून उतरताना खालच्या पोरीच्या पायावर पाय दिला होता. सकाळी तिनंच मला चहा पाजला, ती गोष्ट वेगळी. डॉर्मचं खरं सुख ते आहे, माणसं भेटतात. तुला माणसंच भेटायला हवी असतील, आणि कुणाच्या घोरण्यानं झोप उडत नसेल, तर डॉर्म जरूर घे. पण नुसते पैसे वाचतात म्हणून घेत असशील तर हिशोब करून बघू.

बेड ४५०, खोली ८००. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता. म्हणजे ४७२ रुपये ५० पैसे आणि ८४०. दोन रात्रींचा फरक ७३५ रुपये. आता तुझा तो बेड हायवेच्या बाजूला. तिथून देऊळ, देवळातून परत, संध्याकाळी रंकाळा, रात्री जेवून पुन्हा परत, अशा दोन दिवसांत रिक्षाच्या आठ फेऱ्या धर. रात्रीची परतीची फेरी तर मीटरवर मिळेलच असं नाही. ७३५ पैकी हातात काय राहिलं ते तूच बघ. आणि रात्री नऊला रिकाम्या सर्व्हिस रोडवर उतरायची धाकधूक हिशोबात धरलेलीच नाही. हाच ४५० चा बेड राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत असता तर मी वेगळं बोलले असते.

जीएसटीचं आणखी एक. छोट्या लॉजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्यांना नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसेल तर त्यांना तुझ्याकडून जीएसटी घेताच येत नाही. ॲपवरून घेतलंस तर ॲप कर लावतंच. पण थेट गेलीस आणि काउंटरवरचा "अधिक जीएसटी" म्हणाला, तर पावतीवर नंबर आहे का एवढं शांतपणे विचार. नसेल तर तो स्वतःच म्हणेल, "राहू दे, आठशेच द्या." मी हे आतल्या बाजूनं सांगतेय.

आता भाग कुठला निवडायचा ते.

स्टेशन आणि मध्यवर्ती बस स्थानक, म्हणजे आमचं सीबीएस, एकमेकांपासून चालत जाण्याएवढं जवळ. त्या पट्ट्यात, स्टेशन रोड आणि शाहूपुरीत, लॉज ओळीनं आहेत. तिथं रात्री-अपरात्री जाग असते. चहाची गाडी, रिक्षा, एसटीला निघालेली माणसं. एकटीनं उशिरा पोचायचं असेल तर हाच भाग. तोटा म्हणजे हॉर्न. रस्त्याकडची खोली मिळाली तर कानात कापूस घालून झोप. दुसरा तोटा, स्टेशनाबाहेर "चला ताई, चांगलं लॉज दाखवतो" म्हणणारा. त्याच्या दाखवण्याचे पैसे तुझ्याच भाड्यातून जातात, हे माझ्याच गल्ल्यातून गेलेत म्हणून छातीठोक सांगते. त्याला आधीच नाव सांग, "अमुक लॉजवर बुकिंग आहे." नसलं तरी सांग.

देवळाचा भाग, महाद्वार रोड, ताराबाई रोड, भाऊसिंगजी रोड, भवानी मंडपाच्या आजूबाजूचा, स्टेशनपासून अडीच-तीन किलोमीटर. इथं राहिलीस तर पहाटे उठून पाच मिनिटांत देवळात. दिवसभर चालत फिरता येतं: जुना राजवाडा, बिंदू चौक, पापाची तिकटी, कोल्हापुरी चपलांची दुकानं, खासबाग मैदान, पलीकडं रंकाळा. रात्री साडेनऊ-दहापर्यंत फुलवाल्या, बांगडीवाले, प्रसादवाले असतात, त्यामुळं एकटीनं चालताना वावगं वाटत नाही. पण या भागात जुने वाडे पाडून लॉज उभी राहिलेली आहेत, जागा चिंचोळी. कित्येक खोल्यांना खिडकी असते ती शेजारच्या भिंतीकडं किंवा बोळकांडीत उघडणारी. बुकिंग करताना "खिडकी आहे का" विचारू नकोस, 'आहे' म्हणतील, असतेच. "खिडकीतून काय दिसतं?" असं विचार. आणि इमारत रस्त्यावर आहे की आतल्या बोळात, हे नकाशावर बघ. दिवसा बोळ गोड वाटतो.

मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. नवरात्रात तर विचारूच नको. किरणोत्सवालाही, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीची किरणं मूर्तीवर येतात ती बघायला माणसं लोटतात. चैत्रात जोतिबाची यात्रा. तुझ्या डिसेंबरात दत्तजयंती येते, नरसोबाच्या वाडीला निघालेली माणसं कोल्हापुरातच मुक्काम करतात. तेवढा दिवस टाळ. शिवाय शाळांच्या सहली. शेजारच्या हॉलमध्ये साठ पोरं उतरलेली असतील तर रात्री एकपर्यंत भेंड्या ऐकायच्या तयारीनं ये.

राजारामपुरी मला स्वतःला आवडते. क्लासेस, वाचनालयं, मेस, कॉफीची दुकानं, रात्रीपर्यंत पोरी स्कूटीवर फिरताना दिसतात. तुझ्या बजेटमध्ये तिथं जागा कमी, पण शोधून मिळाली तर सोडू नकोस. रंकाळ्याच्या आणि ताराबाई पार्कच्या बाजूला बरी हॉटेलं आहेत, ९०० मध्ये ती बसणार नाहीत.

हायवेच्या बाजूचं वर बोललेच. एक गंमत तेवढी सांगते. प्रायव्हेट बसचा क्लीनर पहाटे "तावडे हॉटेल, तावडे हॉटेल" ओरडतो. एका मुलानं मला फोनवर विचारलं होतं की तावडे हॉटेलमध्ये सिंगल रूम कितीला मिळेल. बाळा, ते गावात शिरायच्या फाट्याचं नाव झालंय, तिथं उतरून पुढं रिक्षा करायची असते.

यात्री निवासं आणि धर्मशाळा. स्वच्छ असतात, स्वस्त असतात, बायाबापड्यांची वर्दळ असते. मैत्रीण म्हणते ते अर्धं खरं आहे. सगळीकडं नाही, पण पुष्कळ ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, मग ती बाई असो की बुवा. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा नाही. मालकाची भीती असते. घरातून भांडून आलेली, पळून आलेली, जिवाचं काही करून घेईल, मग पोलीस, पंचनामा. मी ही भीती हसण्यावारी नेत नाही, कारण ती आमच्याही लॉजवर होती. 'एकट्या स्त्रीस खोली मिळणार नाही' अशी पाटीच सासऱ्यांनी लावलेली. माझं पहिलं-दुसरं वर्ष असेल, पावसाळा होता. रात्री अकराला एक शाळामास्तरीण आली, कोकणातून. करूळ घाटात दरड आली म्हणून गाडी पाच तास अडकलेली. सकाळी तिची कसलीशी परीक्षा. मी पाटीकडं बोट दाखवलं. ती वाद घालत बसली नाही, छत्री उघडून निघून गेली. सकाळी दूध आणायला गेले तर सीबीएसच्या बाकावर बसून वही वाचत होती, साडी गुडघ्यापर्यंत ओली. मी तिच्याशी बोलले नाही, तेवढं धैर्य झालं नाही. घरी येऊन पाटी काढली. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा फोनवर पहिलंच वाक्य हे टाक: "मी एकटी आहे, एकटीला खोली देता का?" आढेवेढे घेतले तर समजूत घालत बसू नको, पुढचा नंबर लाव. ॲपवर बुकिंग केलं असलं तरी हा फोन करच. ॲपनं पैसे घेतलेत म्हणून काउंटरवरचा माणूस किल्ली देईलच असं नसतं, आणि बॅग पायाशी ठेवून भांडायला तुला तिथं कुणी नसणार.

भक्त निवासात जागा मिळालीच तर फाटकाची वेळ विचार, आणि एक पथ्य पाळ: तांबडा-पांढरा रस्सा, म्हणजे मटण, बाहेर खाऊन ये, पार्सल आत नेऊ नको.

फोन कधी करायचा? हा माझा सगळ्यात आवडता सल्ला आहे. रात्री साडेदहानंतर. दिवसा मालक असतो किंवा मालकाचा गोडबोल्या मुलगा असतो. तू तिथं एकटी असशील ती रात्री, तेव्हा रात्री कोण फोन उचलतं ते ऐक. कुणीच नाही उचलला, तर त्या लॉजवर रात्री कुणी नाही. झोपेतून उचलून खेकसला, तर तू दार वाजवल्यावरही तेच होईल. जड जिभेनं बोलला, फोन ठेव. नीट बोलला, तर विचार: "माझी गाडी लेट झाली आणि मी अकराला आले तर शटर कोण उघडेल?" "रात्री काउंटरवर माणूस असतो की वर झोपतो?" "कामाला कुणी बाई आहे का?" 'सेफ आहे का हो' असं कधी विचारू नकोस. एकोणीस वर्षांत मी या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलेलं नाही, आणि कुठलाच लॉजवाला देणार नाही.

त्याच फोनवर चेकआउट विचारून घे. आमच्याकडं दोन पद्धती. जुन्या लॉजवर चोवीस तास, म्हणजे तू दुपारी दोनला आलीस तर दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत खोली तुझी. नव्या हॉटेलांत आणि ॲपवर दुपारी बारा किंवा सकाळी अकराचं गणित, कधीही आलात तरी. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो: सकाळी सातला आला, तर बारापर्यंत खोलीच नाही, किंवा अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त. तुझी गाडी गोंदियाहून अख्खा महाराष्ट्र पालथा घालत येते, सकाळ गाठून येण्यातली नाही, आणि वेळेवर येईलच यावर मी पैज लावणार नाही. तुला चोवीस तासवालं लॉज सोयीचं. परतीच्या दिवशी खोली सोडून बॅग काउंटरवर ठेवू देतात का, पैसे घेतात का, हेही विचार. कुलूप लावलेलीच बॅग ठेव, आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेव.

पोचलीस, की पैसे द्यायच्या आधी खोली बघ. कुणालाही याचा राग येत नाही. आला, तर तिथं राहूच नको. आतली कडी नीट बसते का ते दार ओढून बघ, नुसतं बघून नव्हे. जुन्या लॉजवर अजून कडी-कोयंडा असतो. तिथं स्वतःचं छोटं कुलूप आणलंस तर बाहेर जाताना आपलंच लावता येतं, दुसऱ्या किल्लीची काळजीच नको. मी एक लाकडी पाचर नेते, सुताराकडून करून घेतलेली. रात्री दाराखाली सारली की धक्का मारूनही दार सरकत नाही. बाथरूमचा झरोका कुठं उघडतो बघ, जिन्यात किंवा गॅलरीत उघडत असेल तर खोली बदलून माग. गादीचा कोपरा उचलून शिवणीत बघ. काळे ठिपके दिसले की ढेकूण, चर्चा करायची नाही. गरम पाणी 'चोवीस तास' असं पाटीवर असतं, प्रत्यक्षात सोलर असेल तर सकाळचे दोन-तीन तास, डिसेंबरात तर आधी उठेल त्याचं. नळ सोडून बघ. मोबाईलला रेंज आहे का बघ. छुप्या कॅमेऱ्यांबद्दल हल्ली सगळे विचारतात. आरसा, स्मोक डिटेक्टर, प्लगचं भोक यांवर टॉर्च मारून घे, दोन मिनिटांचं काम आहे. पण मी ज्या तक्रारी ऐकल्या त्या कॅमेऱ्याच्या कमी आणि न बसणाऱ्या कडीच्या जास्त होत्या.

पहिला मजला माग. तळमजल्याला रस्त्यावरून डोकावता येतं, आणि वरच्या टोकाला तू आहेस हे गल्ल्याला कळत नाही. जिन्याजवळची खोली जरा आवाजाची असते, तरी एकटीला मी तीच देत असे.

ओळखपत्र लागणारच, ते नियमानं आहे. आधारची झाकलेली प्रत डाउनलोड करून आण, शेवटचे चार आकडेच दिसतात ती. मूळ कार्ड दाखव, पण काउंटरवर ठेवून देऊ नको. पॅनकार्डावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. मोबाईल नंबर तोंडानं सांगू नको, रजिस्टरात स्वतः लिही. गल्ल्यासमोर सोफ्यावर पेपर वाचत बसलेला माणूस पेपरच वाचत असतो असं नाही. पोऱ्या "दोनशे चारच्या मॅडम!" म्हणून ओरडला तर त्याला गोड शब्दांत सांग, ओरडू नको. पैसे एकाच रात्रीचे भर. दुसऱ्या रात्रीचं सकाळी बघू म्हण. रात्र बरी गेली तर भर, नाही गेली तर बॅग उचलायला मोकळी.

पन्हाळ्याला मुक्कामाची गरज नाही. वीस किलोमीटरवर आहे, सकाळी लवकर निघ, तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना बघून दिवस मावळायच्या आत खाली ये. जाताना काउंटरवर सांगून जा, "पन्हाळ्याला चाललेय, सहापर्यंत येते." गल्ल्यावरचा माणूस चांगला असला की सहानंतर त्याची नजर दाराकडं जाते. माझी जायची. एकदा बेळगावची एक मुलगी साडेआठपर्यंत आली नाही, मी तिच्या नंबरवर चार फोन केले. ती रंकाळ्यावर भेळ खात बसलेली.

पावसाळ्यात येणार असतीस तर मी आधी पंचगंगेचं पाणी विचारायला लावलं असतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत हायवे बंद पडून माणसं लॉजवर अडकून राहिली होती. डिसेंबरात त्याचं काही नाही, शाल तेवढी आण.

तर मी तुझ्या जागी काय केलं असतं? गाडी दिवसाउजेडी पोचणार असेल तर भाऊसिंगजी रोड किंवा महाद्वाराच्या बाजूचं, मुख्य रस्त्यावरचं, चोवीस तासवालं लॉज, ८०० ची खोली. डॉर्म नाही, दोन रात्रींसाठी नाही. दौंडच्या पुढंमागं असताना गाडी चार-पाच तास लेट दिसली, तर तिथूनच फोन लावून पहिली रात्र शाहूपुरीत घ्यायची, स्टेशनातून चालत जाता येईल अशी, आणि सकाळी देवळाकडं हलायचं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआरवरून स्टेशनच्या रिटायरिंग रूमसाठीही आयआरसीटीसीवर बघून ठेव. मिळाली तर एका रात्रीला तिच्यासारखी सोय नाही.

घरच्यांना लॉजचं नाव, काउंटरचा नंबर आणि खोलीचा नंबर पाठव, आणि आईला एकदा त्या काउंटरच्या नंबरवर फोन करायला सांग, तू पोचायच्या आधी. "माझी मुलगी येतेय, पोचली की सांगा." बायांना हे लाजिरवाणं वाटतं, मी लहान आहे का म्हणतात. पण आईचा फोन येऊन गेलेल्या पोरीची खोली मी आपसूक जिन्याजवळची काढून ठेवायचे. पोलिसांसाठी ११२ आहेच, पण तिथवर वेळ यायच्या आधी हे असे धागे उपयोगी पडतात.

मिसळीचं विचारलंयस. तुझ्या लॉजच्या पोऱ्याला विचार, तो स्वतः कुठं खातो. मालकाला विचारू नको, तो त्याच्या पाहुण्याचं हॉटेल सांगेल. आणि रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीत जा, म्हैस समोर उभी असते, धारोष्ण दूध पेल्यात पिळून देतात. पोट नाजूक असेल तर नुसतं बघून ये.